काठी गाडीत ठेव

नाशिक रोड
१५ सप्टेंबर २०२५

हवालदारसाहेब,

फोन तुम्ही घेत नाही. घेतलाच तर ‘हां, हां, बरं’ म्हणून ठेवून देता. मग मी वन्संना विचारावं, तर मी काय बोलले ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. म्हणून लिहिते आहे. वाचून झाल्यावर पत्र छपराच्या वाशात खोचून विसरू नका. यात तारीख आहे.

अमोलचं अपील मान्य झालं. मान्य झालं म्हणजे पेन्शन मिळालं, असं नव्हे. त्याच्यासाठी मेडिकल बोर्ड पुन्हा बसणार आहे, एवढंच. ६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी नऊ, कॅम्पातलं लष्करी हॉस्पिटल. यात नाही झालं तर पुढे कोर्टाची पायरी. ती चढायला माझ्याकडे वय नाही आणि त्याच्याकडे गुडघा नाही.

काय अडलं आहे ते पुन्हा सांगते, कारण गावात तुम्ही ‘सरकारनं माझ्या पोराला फसवलं’ असं सांगत फिरता, हे माझ्या कानावर आलं आहे. सरकारनं फसवलेलं नाही. गस्तीवर असताना तो बर्फावरून घसरून दरीत पडला, दुखापत ड्युटीवरची आहे, हे पहिल्या बोर्डानंच लिहून दिलं. अडलं ते टक्क्यांवर. वीस टक्के अपंगत्व धरलं तर पेन्शन. त्यांनी पंधरा धरलं. आणि पंधराच का धरलं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आता मलाही.

पुण्याच्या त्या बोर्डाला तुम्ही त्याच्याबरोबर गेलात. आदल्या दिवशी त्याचे बूट तुम्ही स्वतः पॉलिश केलेत. शर्टाला अशी इस्त्री मारलीत की घडीवर बोट कापावं. हॉस्पिटलच्या आवारात उतरताना म्हणालात, “काठी गाडीत ठेव. साहेब लोकांसमोर लंगडत जायचं नसतं.” त्याने ठेवली. आत जाऊन टाचा जुळवल्या, सॅल्यूट ठोकला. साहेबांनी विचारलं, कैसे हो जवान? “एकदम ठीक, सर!” चालून दाखव म्हणाले, तर चालून दाखवलं. बाहेर आला आणि गाडीच्या मागच्या चाकाशी ओकला. दुखण्याने.

हे मला सूनबाईने, हर्षालीने सांगितलं. तुम्ही नाही.

त्यावरून आपल्यात जे झालं ते इथे उगाळत नाही. तुम्ही ट्रंक उचलून मळ्यात राहायला गेलात. तो तुमचा प्रश्न.

या पत्रातून मी तुम्हाला बोलावत नाही. उलट बजावते आहे. सहा तारखेपर्यंत अमोलला निरोप पाठवू नका. ‘ताठ राहा’, ‘घराण्याचं नाव’ असलं काही नको. त्याला यावेळी जसा आहे तसा आत जाऊ द्या.

सौ. स. धों. बोरस्ते

ता. क. द्राक्षाची छाटणी कधी धरली आहे? रक्तदाबाच्या गोळ्या औषधाच्या पंपाशेजारी ठेवू नका, असं वन्संना सांगितलं आहे.


नाशिक रोड
४ ऑक्टोबर २०२५

हवालदारसाहेब,

तुमचं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच वाक्य. ‘फौजी मागत नसतो.’ बाकीचा कागद कोरा ठेवायचा होता तर पोस्टकार्ड चाललं असतं.

तुमचं स्वतःचं पेन्शन दर महिन्याला बँकेत येतं. त्याला तुम्ही भीक म्हणता का? पोरगा पेन्शनची पंधरा वर्षं भरायच्या आत घरी आला, कारण हलक्या कामावर बसवल्याची त्याला लाज वाटली आणि त्याने स्वतः अर्ज दिला. ही लाज त्याने कुठून आणली? माझ्या माहेरी कुणी फौजेत नव्हतं.

परवा मी सैनिक कल्याणच्या ऑफिसात गेले होते. रांगेत सुरगाण्याच्या बाजूचे एक माजी शिपाई होते, बारकू गावित म्हणून. हाताची तीन बोटं नाहीत. मी अमोलचं सांगितलं, तर हसायला लागले. म्हणाले, “मॅडम, आमी समदे असेच. मला इचारलं, मूठ वळते का? मी खिशात हात घालून म्हनलो, वळते सायेब!” सगळी रांग हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हा मी ठरवलं की घरी तालीम घ्यायची. शाळेत तोंडी परीक्षा घ्यायचे तशी टेबलामागे बसले. अमोलला दारातून आत यायला सांगितलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“नाव?”

“नायक अमोल धोंडीराम बोरस्ते, सर!”

“मी सर नाही. पायाला काय होतं?”

“काही विशेष नाही. थोडं आखडतं.”

आतून हर्षालीचा आवाज. “थोडं आखडतं म्हणे! रात्री भिंत धरून संडासला कोण जातं मग? शेजारचे काका?”

“तू गप गं.”

“गप बसले म्हणूनच पंधरा आले.”

मी म्हटलं, उकिडवा बस. तो म्हणाला, बसतो की. आणि बसला हो. दात आवळून, कपाळावर घाम, पण बसला. मग उठता येईना. तर खाली बघत म्हणतो, “वेदिकाचा खडू इथंच पडला होता, तो शोधतोय.” वेदिका बापाच्या शेजारीच बसली होती, हातात खडू घेऊन.

मी त्याला हात दिला नाही. हर्षालीने दिला. मी खुर्चीतूनच विचारलं, अरे, इथे तुझी आई आहे, तुझी बायको आहे. इथे कुणाला दाखवतोस?

म्हणाला, “नाना बघतायत असं वाटतं.”

“नाना निफाडला आहेत.”

“बोर्डात शिरलो की मागं उभे असतात, आई.”

मी त्या दिवशी तालीम बंद केली. तुमचं ते वाक्य मी त्याला दाखवलेलं नाही.

स. धों. बोरस्ते


नाशिक रोड
१९ ऑक्टोबर २०२५

हवालदारसाहेब,

हे पत्र वाचताना वन्संना शेजारी बसवू नका. एकटे वाचा.

अंबडच्या कारखान्यात अमोल गेटवर उभा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. बसायला स्टूल मिळतं, पण बाहेरचे पाहुणे येणार असले की उभं राहावं लागतं. गुरुवारी पाहुण्यांची गाडी आली, त्याने फाटक ओढलं आणि गुडघा गेला. सगळ्यांसमोर फाटकाखाली पडला. विचारलं तर म्हणाला, उपाशी होतो, चक्कर आली. त्यांनी त्याला ग्लुकोज पाजून घरी सोडलं.

गुडघ्याचं पाणी काढावं लागलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, उभं राहण्याचं काम सोडलं नाही तर चाळिशीच्या आत सांधा बदलावा लागेल, आणि पाठीच्या मणक्याचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. नोकरी गेल्यातच जमा आहे. म्हणजे बोर्ड हा आता मानाचा प्रश्न राहिलेला नाही, हे तुम्हाला समजावं म्हणून लिहिलं.

आणि तो म्हणतो, बोर्डाला जाणार नाही.

मी ओरडले. मग समजावलं. मग हर्षाली रडली, जे ती सहसा करत नाही. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “नानांनी चोवीस वर्षं तोफेवर काढली. एक दिवस सिक रिपोर्ट नाही. कधी कुणापुढं कण्हले नाहीत. मी कोणत्या तोंडानं सांगू, मला उठता येत नाही?”

आता मी जे लिहिणार आहे ते आपण दोघे कधीच बोललेलो नाही. मी बोलणारही नव्हते.

तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मला हे अमोल पोटात असल्यापासून माहीत आहे. तुम्ही फायरिंग रेंजवरून सुट्टीवर आला होतात आणि मी डावीकडून हाक मारली की तुम्ही उजवीकडे बघायचात. तेव्हापासून मी तुमच्या उजव्या बाजूने चालते. लग्नाकार्यात तुमच्या उजवीकडे बसते. कुणी डावीकडून काही विचारलं की उत्तर मीच देते. लोक म्हणतात, बोरस्तेबाई नवऱ्याला बोलू देत नाहीत. म्हणू देत.

आणि मेडिकल कसं पास केलंत तेही माहीत आहे. तुमचे ते सांगलीकडचे मित्र एका दिवाळीत फराळाला आले होते. तेव्हा त्यांनीच सांगितलं: डॉक्टर तुमच्या मागे उभे राहून कुजबुजत आकडे म्हणायचे, आणि डॉक्टरांच्याही मागून तो पठ्ठ्या तुमच्या समोरच्या आरशात दिसतील अशी बोटं दाखवायचा. चकलीचा घास अडकेपर्यंत दोघे हसलात. मी चहा ओतत होते. तुम्हाला वाटलं, मला कळलं नाही.

फोन का घेत नाही तेही कळतं. आता उजवाही गेला ना? थोडा तरी?

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही कण्हला असतात तर मेडिकल कॅटेगरी खाली आली असती, हवालदारकी मिळाली नसती, आणि त्या पगारावर आपलं घर उभं राहिलं. ते मला मान्य आहे. पण तुमचा पोरगा अशा माणसाशी बरोबरी करतोय जो मुळात नाहीच. धडधाकट धोंडीराम बोरस्ते. चोवीस वर्षांत ज्याला काही झालं नाही, तो.

ते त्याला माझ्याकडून कळलं तर तो म्हणेल, आई नानांची चुगली करते. ते तुमच्याच तोंडून जायला हवं. पहिल्या पत्रात मी निरोप पाठवू नका म्हटलं होतं. ते मागे घेते. या. फुशारकी नको, भाषण नको. त्याला एवढं सांगा की दुखतं असं म्हटलं तर चालतं.

अमोल येवो न येवो, मी सहा तारखेला नऊ वाजता कॅम्पातल्या हॉस्पिटलच्या गेटवर असेन.

सविता


नाशिक रोड
३ नोव्हेंबर २०२५

टपालाने हे वेळेत पोहोचणार नाही. वन्संचा नातू रुद्र उद्या गावी येतो आहे, त्याच्या हाती देते.

तुमचं उत्तर नाही. वन्सं फोनवर म्हणाल्या, “वहिनी, दादा लय बारीक झालाय. तुझं पत्र घेऊन बांधावर बसला व्हता. म्या इचारलं, काय लिव्हलंय? तर म्हनला, द्राक्षाचा भाव. म्या काय येडी हे का, आत्ता कुठं द्राक्ष?”

अमोल तयार झाला आहे. हर्षालीमुळे. तिने भांडण केलं नाही, विनवलं नाही. त्याच्या बोर्डाची फाईल वेदिकाच्या दप्तरात घातली आणि म्हणाली, “तू नाही गेलास तर मी हिला घेऊन जाते. घरी बाबा कसे चालतात ते ही करून दाखवेल.” वेदिका लगेच भिंत धरून चालायला लागली. हुबेहूब. तो उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, जातो.

पण जाऊन काय बोलेल याची मला खात्री नाही. कालच पुन्हा बूट काढून पॉलिश करत बसला होता.

छाटणी संपली, डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावून झाली, हे वन्संकडून कळलं आहे. त्यामुळे मळ्याचं कारण सांगू नका.

नऊ वाजता. मोठं गेट. काही निरोप नको. यायचं तर या, नाही तर राहू द्या. मी पुन्हा लिहिणार नाही.

स.


नाशिक रोड
८ नोव्हेंबर २०२५

अहो,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण परवा तिथे बरंच काही असं झालं जे तुम्हाला ऐकू आलं नसणार, आणि तुम्ही दुपारच्या एसटीने फवारणीसाठी निघून गेलात. तेवढं सांगून टाकते.

आधी खरं ते सांगते. रिक्षातून तुम्ही उतरलात. कोटावर मेडल, पायात चकाचक बूट, मान ताठ. मला वाटलं, आला हा माणूस, आणि पुन्हा तेच करायला आला. अमोलने तुम्हाला पाहिलं मात्र, हातातली काठी हर्षालीकडे दिली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शर्ट ओढून सरळ केला. हर्षाली माझ्या कानाशी म्हणाली, “संपलं, आई.” हे तुम्हाला ऐकू आलं नाही, ते बरं झालं.

मग खिडकीवरच्या त्या तरुण क्लार्कने अमोलचे कागद घेतले आणि तुम्हाला विचारलं, “आप कौन, बाबा?” तो तुमच्या डावीकडे होता. तुम्ही समोर बघत उभे. त्याने पुन्हा विचारलं. मागून कुणी तरी म्हणालं, “बाबा गर्मी में हैं, मेडल देखो.” कुणी हसलं. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, हे याचे वडील म्हणून. आणि तुम्ही हात आडवा धरलात. मला गप केलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वळलात, उजवा कान खिडकीला लावलात आणि एवढ्या मोठ्याने बोललात की चौकीवरचा पहारेकरीसुद्धा बघायला लागला. “बेटा, जोर से बोलो. बायां कान तोप ने ले लिया, अब दायां भी जा रहा है. मैंने कभी किसी को बताया नहीं. गलती की.”

तुम्हाला तुमचाच आवाज केवढा येतो ते कळत नाही. सगळ्या आवाराने ऐकलं. क्लार्क उभा राहिला आणि म्हणाला, “बैठिए, साब.” हेही तुम्हाला ऐकू आलं नसेल, कारण तोवर तुम्ही हर्षालीच्या हातातून काठी घेतली होती. अमोलपुढे धरून म्हणालात, “धर.” एवढंच. मी भाषण नको म्हटलं होतं, ते पाळलंत.

तुम्ही पाण्याच्या नळाकडे गेलात तेव्हा त्याने मला विचारलं, “कधीपासून?”

मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून.

तुम्ही परत येऊन बाकावर बसलात, तेव्हा तो मुद्दाम तुमच्या डावीकडे जाऊन बसला. तुम्ही गेटकडे बघत होतात. तो म्हणाला, “नाना, लहानपणी मी हाक मारायचो आणि तुम्ही वळायचा नाहीत. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही.” हळू म्हणाला. तुमची मान हलली नाही. मी पलीकडून सांगू शकले असते. सांगितलं नाही. आता लिहिते आहे, कारण हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मग त्याला आत बोलावलं. काठी टेकत गेला. तिचा आवाज फरशीवर शेवटपर्यंत येत होता.

आत काय झालं ते त्याने संध्याकाळी जेवताना सांगितलं. मधल्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला. कैसे हो? “आई, तोंडात ‘एकदम ठीक’ आलंच होतं. नुसतं सोडायचं बाकी होतं. मग नानांचा तो आवाज आठवला, मोठ्यानं बोल म्हणाले तो.” आणि म्हणाला, “ठीक नहीं हूँ, सर.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बैठो. बैठ के बताओ. तो बसून सांगत राहिला. रात्री काय होतं, जिना कसा उतरतो, फाटकाखाली कसा पडला, चक्कर आली असं खोटं का सांगितलं. उकिडवं बसायला सांगितलं तर म्हणाला, नहीं होगा, सर. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. दुसऱ्या साहेबांनी विचारलं, पिछली बार ये सब क्यों नहीं बताया? तर याने सांगितलं, “पिछली बार काठी गाड़ी में थी, सर.” तिघेही फौजीच. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

हर्षाली ऐकता ऐकता म्हणाली, “म्हणजे बोलता येतं तुला. मला वाटलं फक्त खडू शोधता येतो.” खूप दिवसांनी या घरात हसणं झालं.

किती टक्के लिहिले ते कागद आल्यावर कळेल. कधी येईल ते माहीत नाही. कमी पडले तर कोर्ट आहे, आणि पायरी चढायला आता तो मला काठी देईल म्हणतो. पण यावेळी जे लिहिलं जाईल ते त्याच्या पायाबद्दल असेल. तुमच्या पॉलिशबद्दल नाही.

आता तुमचं. पुढच्या मंगळवारी माजी सैनिकांच्या दवाखान्यात कानाची तपासणी ठरवली आहे. नाव नोंदवून झालं. आरसा नाही तिथे, मी बघून आले. अमोल तुमच्याही कागदांची फाईल लावायला बसला आहे. इतक्या वर्षांनी काही मिळणार नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “न मिळू दे. लिहून तर ठेवू.” तुमचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत तळाशी असेल. ते घेऊन या. ट्रंकेसकट आणलंत तरी चालेल.

एक शेवटचं. मी तुमच्या उजव्या बाजूने चालले, उजव्या बाजूला बसले, हे तुम्हाला लिहिलं. झोपायला मात्र मी कायम डावीकडे असायचे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिकडून मी तुमच्याशी पुष्कळ बोलले आहे. सगळंच चांगलं नव्हतं. तुम्ही ऐकलं असतंत तर ट्रंक कितीतरी आधी उचलली असतीत. पण काही वाक्यं बरी होती. दिवसा मला ती बोलता येत नाहीत.

त्यातली एक-दोन अजून आठवतात. मंगळवारी स्टँडवर उजवीकडे उभी असेन.

सविता